कॅमकॉर्डरचं शटर आणि तो इफेक्टचा मेनू: थोडी पार्श्वभूमी

कॅमकॉर्डरमधलं स्लो शटर एक्सपोजरमध्ये न ठेवता इफेक्टच्या मेनूत का ठेवलं, या वादाची ही पार्श्वभूमी. शटर म्हणजे एका चित्रासाठी किती वेळ प्रकाश घ्यायचा ते ठरवणारी सोय. फिल्म कॅमेऱ्यातल्या फिरत्या शटरमध्ये शिरत नाही. घरगुती कॅमकॉर्डर १९८३ च्या सुमारास आले तेव्हा आत पिकअप ट्यूब (चित्र टिपणारी काचेची नळी) असायची, दिवा समोरून हलला की मागे शेपूट उमटायचं. सीसीडी (प्रकाश टिपणारी चिप) आल्यावर शटर इलेक्ट्रॉनिक झालं. म्हणजे आत काही हलत-बिलत नाही, प्रत्येक फील्डच्या, म्हणजे एकाआड एक ओळींच्या अर्ध्या चित्राच्या, सुरुवातीचा चार्ज फेकून द्यायचा आणि शेवटच्या तुकड्यात जमलेला तेवढाच वाचायचा. १/१००० सेकंदाच्या शटरची जाहिरात गोल्फचा स्विंग पॉज करून बघा अशी, पण घरात तेच लावलं की गेन (सिग्नल वाढवणं) चढून चित्रभर दाणे, ते कोण सांगणार.

आपल्याकडे भानगड ट्यूबलाइटची. वीज ५० हर्ट्झ, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत, सेकंदाला ५० फील्ड) कॅमेरा १/५० वर दर फील्डला बरोबर दोन झोत घेतो म्हणून चित्र स्थिर. पण अमेरिकेहून काकांनी आणलेला एनटीएससी (तिकडची पद्धत, सेकंदाला ६० फील्ड) हँडीकॅम १/६० वर चालायचा, मग अख्खं बारसं लपलपतंय आणि दोष कॅसेटला! शटर मॅन्युअल असेल तर १/१०० केलं की दर फील्डला एक पूर्ण झोत, लपलप बंद.

आता खरा वाद. नव्वदच्या दशकात स्लो शटर (एका फील्डपेक्षा जास्त वेळ प्रकाश साठवणारं) आलं, पाल मॉडेलला १/२५, १/१२, १/६, १/३, आणि ते ठेवलं कुठे तर डिजिटल इफेक्टमध्ये, स्टिल (गोठलेलं चित्र), फ्लॅश, ट्रेल (मागे रेंगाळणारं चित्र), ओल्ड मूव्हीच्या रांगेत. कारण तांत्रिक आहे, सेकंदाला ५० फील्ड तर बाहेर पडायलाच हवेत, मग १/३ चं एक चित्र तयार होईपर्यंत आधीचं मेमरीत धरून परत परत दाखवायचं, आणि तशीच फील्ड मेमरी स्टिल-ट्रेललाही लागते. बनवणाऱ्यांची सोय झाली, मान्य. पण अंधारात शूट करणारा माणूस एक्सपोजरमध्येच शोधणार ना? मला हे कधीच पटलं नाही. बरं, सापडलं तरी ऑटोफोकस भरवशाचा नाही, ट्रायपॉड लावा नि हाताने फोकस करा. त्यात इफेक्ट थेट टेपवर जायचा, एकदा सेपिया (तपकिरी छटा) म्हणजे कायमचं सेपिया.

१९९५ ला मिनीडीव्ही (छोटी डिजिटल टेप) आलं, फायरवायर केबलने फुटेज पीसीत जायला लागलं आणि मेनूतले इफेक्ट हळूहळू शोभेचे झाले. शटरचं मात्र उलट, त्याचं महत्त्व वाढलं. सीसीडीच्या जागी आलेला सीमॉस सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, त्यामुळे अंतरपाट खाली आला की फोटोवाल्यांचे फ्लॅश उडतात आणि व्हिडिओत अर्धीच फ्रेम पांढरी. स्टेजमागच्या एलईडी वॉलला तर ५० हर्ट्झचं गणितच लागू नाही, प्रत्येक वॉलचा रिफ्रेश (चित्र पुन्हा पुन्हा उमटवायचा वेग) वेगळा, म्हणून १/५० वरही पट्टे सरकत राहतात. मोठ्या कॅमेऱ्यांत त्यासाठी शटर बारीक बारीक पायऱ्यांनी सरकवता येतं, पट्टे थांबेपर्यंत. साध्या हँडीकॅममध्ये शटरच्या पायऱ्या मोठ्या.