जिस्ट : शस्त्रक्रियेनंतरचे आयुर्मान
जिस्ट हे जठर आणि आतड्यांच्या भिंतीत, बहुधा स्नायूंच्या थरात उगवणारे दुर्मीळ अर्बुद, म्हणजे गाठ, आहे. ‘गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर’ या नावाचे हे लघुरूप रुग्णांच्या आणि डॉक्टरांच्या तोंडी रुळले आहे. जगभरातल्या नोंदींनुसार दर दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण १० ते १५ नवे रुग्ण सापडतात. कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३८ लाख ७६ हजार होती. हेच प्रमाण इथे धरले, तर जिल्ह्यात वर्षाकाठी चाळीस ते साठ रुग्ण होतात. ते वेगवेगळ्या दवाखान्यांत विखुरतात, त्यामुळे एकेका सर्जनकडे असा रुग्ण क्वचितच येतो. पुढची बरीचशी गुंतागुंत या दुर्मीळपणातून येते.

सुमारे ६० टक्के गाठी जठरात आणि ३० टक्के लहान आतड्यात होतात. उरलेल्या मलाशयात आणि अगदी थोड्या अन्ननलिकेत आढळतात. नेहमीचा पोटाचा कर्करोग आतल्या अस्तरातून सुरू होतो, जिस्ट मात्र आतड्याची लय सांभाळणाऱ्या ‘काहाल’ पेशींशी नाते सांगते. स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांच्या नावावरून या पेशी ओळखल्या जातात. गाठ वाढते तरी बऱ्याचदा दुखत नाही. बहुतेकांना आधी अशक्तपणा जाणवतो, हिमोग्लोबिन उतरते, शौचाला डांबरासारखे काळे होते. कित्येकांची गाठ दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत दिसते. काळी शौच म्हणजे उष्णता झाली, असे समजून महिना-महिना ताक आणि सब्जावर काढणारे आपल्याकडे कमी नाहीत. तो काळ वाया गेलेला असतो.

१९८३ मध्ये मायकेल मेझर आणि एच. ब्रेंट क्लार्क यांनी या गाठींना ‘स्ट्रोमल ट्यूमर’ म्हटले. तोवर त्या स्नायूंच्या गाठी म्हणूनच नोंदल्या जात. १९९८ मध्ये जपानच्या सेइची हिरोता यांच्या गटाने ‘किट’ नावाच्या जनुकातील बिघाड दाखवला आणि सगळे चित्र पालटले. आज सुमारे ७५ ते ८० टक्के गाठींत हाच बिघाड सापडतो. गाठीच्या पेशींतील सीडी-११७ आणि डॉग-१ ही दोन प्रथिने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की निदान पक्के होते.

शस्त्रक्रिया

गाठ एकाच जागी असेल, तर मूळ उपचार शस्त्रक्रियेचाच. जिस्ट लसिका ग्रंथींतून सहसा पसरत नाही, म्हणून जठराच्या नेहमीच्या कर्करोगात करतात तशी ग्रंथींची मोठी साफसफाई लागत नाही. जठरातली गाठ बऱ्याचदा भिंतीच्या पाचरीएवढ्या तुकड्यासह निघते आणि जठर शाबूत राहते. मात्र एका बाबतीत तडजोड चालत नाही: गाठीचे आवरण फुटता कामा नये. जिस्ट मऊ आणि नाजूक असते. ती पोटात फुटली, मग आपोआप असो वा हाताळताना, तर पेशी उदरपोकळीत सांडतात आणि गाठ परतण्याची शक्यता फार वाढते. दुर्बिणीने शस्त्रक्रिया करतानाही गाठ पिशवीत घालूनच बाहेर काढतात. गाठ फारच मोठी असेल किंवा मलाशयासारख्या अडचणीच्या जागी असेल, तर आधी सहा ते बारा महिने इमॅटिनिब ही गोळी (तिच्याविषयी पुढे) देऊन ती लहान करतात.

त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर ‘टाके कधी काढायचे’ याच्या आधी विचारावा असा प्रश्न म्हणजे, ‘गाठ अखंड निघाली का?’ तो विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे आणि उत्तर डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे. पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे राहतात.

किती जण वाचतात?

एकच आकडा सांगून भागत नाही. पेशींचे विभाजन मंद असलेली दोन सेंटिमीटरची गाठ आणि वेगाने वाढणारी बारा सेंटिमीटरची गाठ, ही दोन वेगळी आयुष्ये आहेत. धोका चार गोष्टींवरून मोजतात: आकार (२, ५ आणि १० सेंटिमीटर या पायऱ्या), ठरावीक क्षेत्रातील विभाजन पावणाऱ्या पेशींची संख्या (५ पेक्षा जास्त की कमी), जागा आणि फुटणे. त्याच आकाराची गाठ जठरात असेल तर लहान आतड्यातल्यापेक्षा बरी मानतात.

फिनलंडचे डॉक्टर हेइक्की योएन्सू आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये २,५६० रुग्णांची माहिती एकत्र तपासली. या सर्वांवर केवळ शस्त्रक्रिया झाली होती. पंधरा वर्षांनंतरही सुमारे ६० टक्के रुग्णांत गाठ परतणार नाही, असा अंदाज त्यातून निघाला. म्हणजे निम्म्याहून अधिक लोकांना शस्त्रक्रियाच बरे करते. घाबरलेल्या घरात हे वाक्य आधी सांगायला हवे. उरलेल्यांत गाठ परतते ती मुख्यतः यकृतात किंवा पोटाच्या आतल्या आवरणावर.

गोळी

या उरलेल्यांसाठी इमॅटिनिब आले. किट जनुकाचा चुकीचा इशारा ही गोळी बंद करते. २००० साली हेलसिंकीत सर्वत्र पसरलेली जिस्ट असलेल्या एका स्त्रीला ती पहिल्यांदा दिली गेली आणि गाठी झपाट्याने आटल्या. त्याआधी पसरलेल्या जिस्टचे रुग्ण साधारण दीड ते पावणेदोन वर्षे जगत. गोळीनंतर हा काळ पाच वर्षांच्या आसपास गेला आणि दहा वर्षांनीही पाचांतला जवळपास एक हयात असल्याचे पुढे दिसले.

शस्त्रक्रिया झालेल्या, पण धोका जास्त असलेल्या रुग्णांत ही गोळी किती काळ द्यावी, याची उत्तर युरोपात ४०० रुग्णांवर चाचणी झाली. रोज ४०० मिलिग्रॅम, एका गटाला एक वर्ष आणि दुसऱ्याला तीन वर्षे. पाच वर्षांनी एक वर्षवाल्यांत ८१.७ टक्के, तर तीन वर्षवाल्यांत ९२ टक्के रुग्ण जिवंत होते. दहा वर्षांनी हे आकडे सुमारे ६५ आणि ७९ झाले. म्हणून जास्त धोक्याच्या गाठीत किमान तीन वर्षे हा आज रिवाज आहे. पाच वर्षांची गोळी ठरवून दिलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात ९१ रुग्ण होते. गोळी लागू पडणाऱ्या जनुकबिघाडाच्या एकाही रुग्णात, गोळी चालू असेपर्यंत, गाठ परतली नाही. पण जवळपास निम्म्या लोकांनी ती मुदतीआधीच सोडली होती.

हा मुद्दा कोल्हापूरच्या आसपास फार जवळचा आहे. ‘गोळा काढला, सुटलो’ ही समजूत घट्ट आहे. माणूस हिंडायला-फिरायला लागला, भाकरी पचायला लागली की रोजची गोळी घरच्यांनाही नकोशी वाटते. त्यात डोळ्यांभोवती सूज, पायांत गोळे, जुलाब हे त्रास होतात. ते डॉक्टरांना सांगून आटोक्यात आणता येतात, गोळी परस्पर बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. गोळी जेवणासोबत, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. ग्रेपफ्रूट आणि त्याच कुळातला पपनस टाळावा, कारण ही फळे औषधाचे रक्तातील प्रमाण वाढवू शकतात. गणपतीच्या फळावळीतला पपनस त्या दिवशी देवापुढेच राहू द्यावा.

किंमत हा दुसरा अडथळा होता. नोव्हार्टिस या मूळ कंपनीच्या गोळीचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, भारतीय जेनेरिकचा ८ ते १० हजार. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा पेटंट कायद्याच्या कलम ३(ड)च्या आधारे फेटाळला आणि जेनेरिकची वाट मोकळी राहिली. करवीर किंवा चंदगडच्या शेतकऱ्याला तीन वर्षे गोळी घेता येते, यामागे हा निकाल आहे.

गोळी सगळ्यांना लागू पडत नाही. पीडीजीएफआरए जनुकातील ‘डी-८४२-व्ही’ हा बिघाड असेल, तर इमॅटिनिबचा उपयोग होत नाही. अशा पसरलेल्या गाठींसाठी अमेरिकेत २०२० मध्ये अवाप्रिटिनिब मंजूर झाले. म्हणून शक्य असेल तेव्हा गोळी सुरू करण्याआधी जनुकचाचणी करून घ्यावी.

कोल्हापुरातली वाट

जिल्ह्यातला रुग्ण बहुधा आधी खासगी दवाखान्यात किंवा छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘सीपीआर’मध्ये, पोहोचतो. सीपीआर हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय असून तिथे कोकण आणि सीमाभागातूनही लोक येतात. दुसरे मत घ्यायचे तर महालक्ष्मी एक्स्प्रेसने रातोरात मुंबई आणि तिथून परळचे टाटा, ही अनेक घरांची ओळखीची वाट. तिकडे निघताना रिपोर्टइतकेच महत्त्वाचे असतात ते गाठीचा तुकडा जपलेले मेणाचे ब्लॉक आणि त्याच्या काचपट्ट्या, म्हणजे स्लाइड. निदानाची खातरजमा आणि जनुकचाचणी त्याच तुकड्यावर होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि औषधोपचार येतात. दाखल होण्याआधीच रुग्णालयात या योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला भेटलेले बरे.

जठराचा मोठा भाग किंवा सगळे जठर काढावे लागले असेल, तर इथल्या खाण्याशी नव्याने जुळवून घ्यावे लागते. तांबडा रस्सा कायमचा सुटतो असे नाही, पण पोटभर एकदा जेवण्याऐवजी दिवसातून सहा वेळा थोडे-थोडे खावे लागते. उसाचा रस आणि काकवी मात्र जपून. इतकी साखर एकदम लहान आतड्यात उतरली की घाम, धडधड आणि चक्कर येते. संपूर्ण जठर काढलेल्यांना बी-१२ ची इंजेक्शने जन्मभर लागतात. लोहही वेळोवेळी तपासावे. पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाल्यावर पहिले सहा ते आठ आठवडे उसाची मोळी किंवा दुधाची किटली उचलू नये, नाहीतर जखमेच्या जागी हर्निया होऊ शकतो.

गोळी संपल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे सर्वांत धोक्याची, कारण दबलेली गाठ तेव्हाच डोके वर काढते. या काळात दर तीन-चार महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा पोटाचा सीटी स्कॅन करतात. गळीत हंगाम सुरू झाला की तपासणीची तारीख सहज पुढे ढकलली जाते. म्हणून डॉक्टरांकडून तारीख घेतानाच ऊसतोड कधी आहे, हे त्यांना सांगावे. स्कॅन तोडीच्या आठवडाभर आधी किंवा नंतर बसवता येतो.