जुन्या ड्राइव्हची खातेवही

गेल्या ऑगस्टात भाचीचा लॅपटॉप माझ्याकडे आला. ती धुळ्याला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉप तिच्या मोठ्या भावाचा, सात-आठ वर्षांचा. बटण दाबून चहा टाकला की चहा आधी व्हायचा आणि लॅपटॉप नंतर उठायचा. बिघाड काहीच नव्हता, आत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क होती. तिच्या जागी एसएसडी (चिपांत माहिती साठवणारा ड्राइव्ह) बसवली की हे दुखणं जातं. पण महिना फी भरण्याचा होता, म्हणून ती जुन्या बाजारातून घ्यायची ठरली.

जळगावात जुनं सामान विकणाऱ्या एका दुकानदारानं काउंटरवर तीन ड्राइव्ह मांडले. तिन्ही चकचकीत. "नवीच शे भाऊ, दोन महिना बी वापरेल नही," तो म्हणाला. वरून बघून हे खरं की खोटं ते कुणालाच सांगता येणार नाही. एसएसडीत हलणारा भाग एकही नसतो, त्यामुळे खडखड नाही की घरघर नाही. तिची झीज आत होते. मात्र त्या झिजेचा हिशेब ती स्वतःच लिहून ठेवते. पैसे देण्याआधी तो वाचायला मागणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, असं मी मानतो.

झीज कशाची होते ते आधी पाहू. एसएसडीतला प्रत्येक कप्पा म्हणजे चारही बाजूंनी विद्युतरोधक थरानं बंद केलेली एक सूक्ष्म जागा. त्यात इलेक्ट्रॉन कोंडले की माहिती साठते, आणि वीज गेली तरी ते आतच राहतात. अशी कोंडणारी रचना बेल लॅब्जमध्ये डावॉन कांग आणि सायमन झी यांनी १९६७ साली मांडली. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी पुढे फ्लॅश मेमरी घडवली आणि आज एसएसडीत असते ती नँड जातीची रचना १९८७ साली जगापुढे आली. बंद भिंतीतून इलेक्ट्रॉन आत जातात कसे? सुमारे २० व्होल्टचा दाब दिला की ते त्या पातळ भिंतीतून आरपार निघतात. पुंजभौतिकीत याला टनेलिंग म्हणतात. भिंत फुटत नाही, पण दर खेपेला तिच्यात बारीक दोष राहून जातात. हजारो खेपांनंतर ती इलेक्ट्रॉन नीट धरून ठेवू शकत नाही.

आपल्याकडचा उन्हाळ्यातला माठ डोळ्यांसमोर आणा. जुन्या एसएसडी एका कप्प्यात एकच बिट (शून्य किंवा एक, एवढीच माहिती) ठेवायच्या, म्हणजे माठ भरलेला की रिकामा एवढंच विचारायच्या. थोडं पाणी झिरपलं तरी उत्तर चुकत नसे. आजच्या बहुतेक ड्राइव्हमध्ये एका कप्प्यात तीन बिट असतात, म्हणजे त्याच माठात पाण्याच्या आठ वेगवेगळ्या पातळ्या ओळखाव्या लागतात. चार बिटांच्या स्वस्त ड्राइव्हमध्ये सोळा. तिथे बोटभर झिरपलं तरी पातळी चुकते. स्वस्तात जास्त जागा मिळते ती अशी, आणि ती लवकर थकते तीही याचमुळे.

दुसरी अडचण पुसण्याची. लिहिताना काही किलोबाइटांचं एक पान लिहिता येतं, पण पुसताना शेकडो पानांचा अख्खा ब्लॉकच पुसावा लागतो. मग एकच ब्लॉक पुन्हा पुन्हा झिजू नये म्हणून काय करायचं? हे वाचताना मला पांझरा नदीकाठची फड पद्धत आठवली. धुळे जिल्ह्यात बंधाऱ्याच्या पाण्याखालची जमीन फडांत वाटलेली असते. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि उसाचा फड सालोसाल बदलत जातो, म्हणजे कुठलीच माती एकटी खपत नाही. पाणी कुठे सोडायचं ते पाटकरी बघतो. एसएसडीतला कंट्रोलर नावाचा छोटा प्रोसेसर हाच पाटकरी. तुम्ही एकच फाइल शंभरदा साठवा, तो ती शंभर वेगळ्या जागी लिहितो. शिवाय काही ब्लॉक तो राखून ठेवतो. एखादा ब्लॉक निकामी झाला की त्याच्या जागी राखीव ब्लॉक लावतो आणि तशी नोंद करतो.

ही नोंदवही म्हणजे 'स्मार्ट'. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स, दोन्ही फुकट. यूएसबी अडॉप्टर लावून दुकानात दोन मिनिटांत ती वाचता येते, फक्त काही स्वस्त अडॉप्टर ती माहिती पुढे जाऊ देत नाहीत, म्हणून आपला तपासलेला अडॉप्टर सोबत न्यावा. मी नेला होता.

पहिल्या ड्राइव्हवर एकूण चालू तास ११ आणि लिहिलेला मजकूर १४ टीबी (एक टीबी म्हणजे हजार जीबी). माणूस ११ तास बघून खूश होतो. पण भागाकार करा: ११ तासांत १४ टीबी म्हणजे सेकंदाला साडेतीनशे एमबी, क्षणभरही न थांबता. घरात किंवा कचेरीत असं लिहिणं होत नाही. काही स्वस्त कंट्रोलरांची नोंदवही कारखान्यातल्या सॉफ्टवेअरनं कोरी करता येते. इथे कुणी तासांचा आकडा कोरा केला असावा आणि दुसरा तसाच राहिला असावा. मी ड्राइव्ह परत ठेवला. म्हणून एकट्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, दोन आकडे एकमेकांना साक्ष देतात का ते बघावं.

दुसरा १ टीबीचा, आणि किंमत संशय यावा इतकी कमी. अशा ड्राइव्हची एक ठरलेली लबाडी असते. आत ६४ जीबीची चिप आणि कंट्रोलरला शिकवलेलं की १ टीबी सांग. लॅपटॉप त्यावर विश्वास ठेवतो. खरी जागा संपली की नवा मजकूर जुन्यावर लिहिला जातो किंवा हरवतो. फाइलींची नावं दिसत राहतात, पण उघडल्या की आत कचरा. याला उपाय एकच, ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरून परत वाचणं. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ हे काम करतात: ओळखता येईल असा मजकूर शेवटपर्यंत लिहितात आणि पुन्हा वाचून पडताळतात. दुकानदार तेवढा वेळ द्यायला तयार झाला नाही, मग मीही घेतला नाही.

तिसरा २५६ जीबीचा साटा ड्राइव्ह, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीचा. चालू तास ४,१००. सुरू केल्याच्या खेपा ६२०. म्हणजे दर खेपेला साडेसहा तास, कचेरीतल्या लॅपटॉपचा दिवस. लिहिलेलं १९ टीबी. त्या मॉडेलला कंपनीनं १५० टीबी लिहिण्यापर्यंत हमी दिली होती. आरोग्य, म्हणजे उरलेलं आयुष्य, ८८ टक्के. १५० पैकी १९ म्हणजे जवळपास १३ टक्के खर्च, आकडे जुळले. बदललेले ब्लॉक शून्य, वाचताना दुरुस्त न झालेल्या चुका शून्य. हे दोन शून्य मला टक्क्यांपेक्षा महत्त्वाचे वाटतात. झीज हळूहळू आणि ठरलेल्या चालीनं होते. पण बदललेल्या ब्लॉकांचा आकडा आठवडाभरात वाढताना दिसला, तर ९५ टक्के आरोग्याचा ड्राइव्हही घेऊ नये. अचानक वीज जाण्याच्या नोंदी मात्र एकेचाळीस होत्या. बॅटरी मेलेला लॅपटॉप थेट प्लगवर चालवला असणार आणि लाइट गेली की तो धाडकन बंद. तेवढ्यावरून मी नाकारला नाही. सीआरसी चुकांचा, म्हणजे ड्राइव्ह आणि लॅपटॉप यांच्यात मजकूर नेताना झालेल्या चुकांचा, आकडाही बहुधा केबलचा किंवा जोडणीचा दोष सांगतो, चिपचा नाही.

एनव्हीएमई जातीचा, म्हणजे नव्या आणि वेगवान जोडणीचा, ड्राइव्ह घेत असाल तर तिथली नोंदवही जास्त सरळ आहे. 'परसेंटेज यूज्ड' म्हणजे किती टक्के आयुष्य खर्च झालं, आणि 'अव्हेलेबल स्पेअर' म्हणजे राखीव ब्लॉक किती उरले. 'डेटा युनिट्स रिटन' मधला एक एकक ५,१२,००० बाइटचा असतो, त्यामुळे ७ कोटी ८० लाख एकक दिसले तर ते साधारण ४० टीबी. एक काळजी खरेदीआधीच घ्यावी: एम.२ आकाराची पट्टी साटाचीही असते आणि एनव्हीएमईचीही. लॅपटॉपची खाच कुठली घेते आणि पट्टी किती लांब मावते, ते मॉडेल नंबरावरून बघूनच जावं. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब.

तिसरा ड्राइव्ह घेऊन घरी आल्यावर भरण्याची चाचणी केली. सुरुवातीला वेग सेकंदाला ४०० एमबीच्या वर, मग एका टप्प्यावर तो एकदम खाली आला. भाची घाबरली. हा बिघाड नाही. ड्राइव्ह आलेला मजकूर आधी काही कप्प्यांत एकेक बिटच्या घाईनं ओततो, माठ भरला की रिकामा एवढंच बघून. नंतर सवडीनं तो आठ पातळ्यांत बसवतो. घाईचे कप्पे संपले की खरा वेग दिसतो. पडताळणी शेवटी निर्दोष निघाली. या चाचणीत पाव टीबी लिहिलं गेलं, १५० टीबीच्या हिशेबात ते नगण्य.

मग पुसणं. नुसतं फॉरमॅट करून किंवा वर शून्यं लिहून राखीव ब्लॉकांत उरलेला आधीच्या मालकाचा मजकूर जात नाही, कारण तिथे पाटकरी आपल्याला पाणी सोडूच देत नाही. त्यासाठी 'सिक्युअर इरेज'चा हुकूम असतो, कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून किंवा बायोसमधून (लॅपटॉप सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधून) देता येणारा. तो कंट्रोलरलाच सगळे कप्पे रिकामे करायला सांगतो आणि सहसा मिनिटा-दोन मिनिटांत उरकतो. ज्यांनी आपला जुना लॅपटॉप विकायला काढला आहे त्यांनी हे आवर्जून करावं. बँकेची कागदं, घरातले फोटो, काय काय राहून जातं.

बसवणं सोपं. चार्जर काढला, बॅटरीची जोडणी सोडवली, जुनी डिस्क काढून चार स्क्रूंत नवा बसवला. बायोसमध्ये एएचसीआय मोड (साटा ड्राइव्हशी बोलण्याची पद्धत) आहे ना ते पाहिलं. जुनी प्रणाली नकलून आणण्यापेक्षा कोरी बसवली. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणाऱ्या सुधारणांची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार होती आणि विंडोज ११ या लॅपटॉपला चालणार नव्हतं, म्हणून लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली. ट्रिम चालू आहे याची खात्री केली. ट्रिम म्हणजे फाइल काढून टाकली की प्रणालीनं कंट्रोलरला कळवणं, 'हा फड मोकळा झाला.' ते कळलं नाही तर तो काढून टाकलेला मजकूरही जपत, इकडून तिकडे हलवत बसतो आणि उगाच झिजतो. दहा-पंधरा टक्के जागाही मोकळी ठेवायला सांगितली.

राहिलं आपल्याकडचं ऊन. घरगुती वापराच्या एसएसडीसाठी चिपांची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेचं मानक असं की हमीएवढं लिहून झालेला ड्राइव्हही वीज न देता ३० अंशांत वर्षभर मजकूर धरून राहिला पाहिजे. पण तापलं की कोंडलेले इलेक्ट्रॉन लवकर निसटतात. ठेवण्याचं तापमान दर ५ अंशांनी वाढलं की ही मुदत साधारण निम्मी होते. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळिशीला टेकतो, आणि पत्र्याखालच्या खोलीतलं कपाट त्याहून तापतं. कमी झिजलेला ड्राइव्ह यातून सहज निभावतो. झिजलेला, महिनोन्‌महिने बंद पडलेला, आणि त्यातच एकुलती प्रत असलेला ड्राइव्ह मात्र मला अशा कपाटात बघवत नाही.

यंदा भाची सुटीत घरी आली आणि लॅपटॉप नेमका माळ्यावर ठेवला. तो खाली आणवला, चालू केला, तिच्या प्रकल्पाची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि नोंदवही उघडली. लिहिलेलं २० टीबी, बदललेले ब्लॉक शून्य, आरोग्य ८७ टक्के.