स्फॅग्नम मॉस : कुंडीतील झाडे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पेट्यांमधील वापर

स्फॅग्नम मॉस म्हणजे स्फॅग्नम या प्रजातीतील हरितांचे लांब, मऊ धागे. ते सुकवून किंवा जिवंत ठेवून मुळांभोवतीचे माध्यम म्हणून आणि प्राण्यांच्या पेटीत ओल टिकवण्यासाठी वापरतात. मराठीत तळ्यावरच्या हिरव्या थरापासून भिंतीवरच्या मखमलीपर्यंत सगळ्यालाच शेवाळ म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. तळ्यावरचे ते शैवाल, तर मॉस म्हणजे हरिता. रोपवाटिकेत नुसते 'मॉस' म्हटले की बहुतेक वेळा स्फॅग्नमच अभिप्रेत असते. या प्रजातीत सुमारे ३८० जाती आहेत आणि त्यांतील बहुतेक थंड, पावसाळी प्रदेशांतल्या आम्ल दलदलींत वाढतात.

या वनस्पतीला मुळे नसतात, पाणी वाहून नेणाऱ्या नलिकाही नसतात. शेंडा वर वाढत राहतो आणि बूड खाली मरत जाते. तिच्या पानात दोन प्रकारच्या पेशी असतात. हिरव्या, जिवंत पेशी अरुंद असतात, आणि त्यांच्यामध्ये मोठ्या, मेलेल्या, पारदर्शक पेशी असतात, ज्यांच्या भिंतींना बारीक छिद्रे असतात. पाणी साठते ते या रिकाम्या पेशींत. म्हणूनच वाळलेले मॉसही भिजवले की पुन्हा फुगते. त्याने पाणी धरायला जिवंत असण्याची गरजच नसते. स्वतःच्या कोरड्या वजनाच्या १६ ते २० पट, काही जातींत त्याहूनही जास्त पाणी ते धरते. तरीही पिळून काढलेल्या मॉसच्या धाग्यांमध्ये हवा खेळती राहते. मातीत ओल आणि हवा यांचे सहसा पटत नाही. इथे दोन्ही एकत्र नांदतात, आणि या मॉसची सगळी किंमत त्यातच आहे.

दुसरा गुण रासायनिक आहे. स्फॅग्नमच्या पेशीभित्ती पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारखे क्षार पकडतात आणि बदल्यात हायड्रोजन आयन सोडतात, त्यामुळे भोवतालचे पाणी आम्ल होते. आम्ल, क्षार कमी आणि प्राणवायू जवळपास नाही, अशा दलदलीत कुजण्याची क्रिया अतिशय मंदावते. डेन्मार्कमध्ये १९५० साली पीट (दलदलीत साठलेला अर्धवट कुजलेल्या मॉसचा थर) खणताना सापडलेल्या टोलुंड मानवाचे शरीर दोन हजारांहून अधिक वर्षे जुने होते. तरी त्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि हनुवटीवरचे खुंट शाबूत होते. पहिल्या महायुद्धात कापूस कमी पडू लागल्यावर ब्रिटनमध्ये याच मॉसच्या जखमपट्ट्या केल्या गेल्या. युद्धाच्या अखेरीस त्या महिन्याला सुमारे १० लाख तयार होत होत्या.

खरेदी करताना पीटशी होणारी गल्लत टाळावी. दलदलीच्या तळाशी शतकानुशतके दबून काळपट तपकिरी झालेला, अर्धवट कुजलेला भुगा म्हणजे पीट. वरच्या थरातून काढून वाळवलेले, फिकट पिवळसर, लांब धाग्यांचे ते स्फॅग्नम मॉस. वनस्पती बहुधा एकच, पण वयात आणि कामात मोठे अंतर. ऑर्किडच्या कुंडीत पीट भरले तर थोड्याच काळात त्याचा चिखल होतो. सजावटीसाठी विकले जाणारे गडद हिरवे, सपाट तुकडे बहुतेक वेळा वेगळ्याच मॉसचे आणि पुष्कळदा रंगवलेले असतात. मुळांसाठी त्यांचा उपयोग नाही आणि प्राण्यांजवळ ते ठेवूच नयेत.

कुंडीत वापरताना

सर्वाधिक वापर ऑर्किडसाठी होतो, त्यातही फॅलेनॉप्सिससाठी. ही झाडावर वाढणारी वनस्पती. तिच्या मुळांवर स्पंजासारखे आवरण असते, जे कोरडे असताना चंदेरी आणि भिजल्यावर हिरवे दिसते. पारदर्शक कुंडी वापरली तर पाण्याची वेळ मुळेच सांगतात. मॉस आधी कोमट पाण्यात भिजवून मुठीत घट्ट पिळावे, धागे मोकळे करावेत आणि मुळांभोवती सैल गुंडाळून कुंडीत बसवावे. इथेच बहुतेकांचा हात चुकतो. रोप हलू नये म्हणून मॉस ठासून भरले जाते, हवेची जागा संपते आणि मुळे कुजतात. मग दोष मॉसला दिला जातो. खरे तर कुंडी मोठी, मॉस दाबलेले आणि पाणी सवयीने रोजचे, हे तिन्ही एकत्र आले की कोणतेही माध्यम घात करेल.

वरचा थर हाताला कुरकुरीत लागला म्हणजे आतले मॉस सुकले, असे नाही. बोट आत घालून पाहावे किंवा कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यावा. उलट मॉस पूर्ण सुकले की ते आक्रसून कुंडीच्या कडा सोडते आणि वरून घातलेले पाणी कडेने निसटून जाते. अशा वेळी कुंडी पाण्यात बुडवून ठेवणे हाच उपाय.

क्षार पकडण्याचा जो गुण दलदलीत उपयोगी, तोच कुंडीत अडचण करतो. जड पाणी आणि खत यांतले क्षार मॉसमध्ये साठत जातात, कडांवर पांढरट थर दिसू लागतो आणि मुळांची टोके करपतात. त्यामुळे पावसाचे किंवा क्षार काढलेले पाणी चांगले, खत नेहमीपेक्षा बरेच पातळ द्यावे, आणि अधूनमधून भरपूर पाणी ओतून साठलेले क्षार धुऊन काढावेत. कुंडीतले मॉस दलदलीइतके टिकत नाही. एक-दोन वर्षांत ते मऊ पडते, दाबले जाते आणि बदलावे लागते.

कीटकभक्षी वनस्पतींची गोष्ट थोडी वेगळी. व्हीनस फ्लायट्रॅप आणि दवबिंदू (ड्रॉसेरा) या वनस्पतीच्या कित्येक जाती मुळात क्षारहीन, आम्ल जागीच वाढतात. त्यामुळे त्यांना मॉस मानवते आणि त्याला खताची जोड देऊ नये. घटपर्णीला मॉसमध्ये परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) मिसळून निचरा वाढवला तर बरे. पण निवडुंग, रसाळ वनस्पती आणि चुनखडीची आवड असणारी झाडे यांना हे माध्यम नको. कोरडेपणा आवडणाऱ्या झाडाला मॉसमध्ये लावून मग पाणी मोजत बसण्यात अर्थ नाही.

कलमे बांधणाऱ्यांना मॉस फार पूर्वीपासून ठाऊक आहे ते गुटीमुळे. फांदीची साल गोलाकार काढायची, त्या जागी ओले पण पिळलेले मॉस लपेटायचे, वरून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून दोन्ही टोके घट्ट बांधायची. माती जड असते आणि गळून पडते. मॉस हलके असते, जागच्या जागी राहते आणि पारदर्शक कागदातून पांढरी मुळे दिसू लागली की कलम उतरवायची वेळ झाली हे कळते. पानांचे आणि खोडाचे तुकडे मुळावण्यासाठीही ते याच कारणाने उपयोगी पडते. मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन अशा वेलींसाठी मॉस भरलेले खांब वापरतात. हवाई मुळे त्यात शिरतात, मात्र तो खांब सतत ओला असेल तरच. कोरडा ठेवलेला मॉसचा खांब म्हणजे महागडी काठी. बी पेरलेल्या ट्रेवर बारीक केलेल्या मॉसचा पातळ थर दिला तर रोपे कोलमडण्याचा त्रास कमी होतो. मॉसच्या आम्लतेचा आणि जंतुरोधक गुणाचा हा फायदा.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पेटीत

इथे मॉसचे मुख्य काम एकच : कात सुटण्यापुरती ओल पुरवणे. साप आणि पाली ठरावीक काळाने कात टाकतात. जुन्या आणि नव्या त्वचेमध्ये पुरेसा ओलावा नसेल तर कात तुकड्या-तुकड्यांनी निघते. पालींच्या बोटांवर आणि शेपटीच्या टोकाला अडकलेली कात सुकून आवळली जाते, रक्तपुरवठा थांबतो आणि ते बोट गळूनही पडू शकते. सापांच्या डोळ्यांवरचे पारदर्शक आवरण न सुटणे हीही नेहमीची तक्रार.

उपाय साधा आहे. झाकणाच्या डब्याला प्राण्याचे अंग सहज जाईल एवढे गुळगुळीत कडांचे भोक पाडून आत ओले मॉस भरायचे आणि पेटीच्या उबदार बाजूजवळ तो ठेवायचा. लेपर्ड गेको ही पाल कोरड्या प्रदेशातली, पण तीही कात टाकण्याआधी अशा डब्यात जाऊन बसते, कारण निसर्गात ती दगडांखालच्या दमट फटींत शिरते. पूर्ण पेटी ओली करण्यापेक्षा एक दमट कोपरा देणे केव्हाही शहाणपणाचे. प्राणी आपली गरज स्वतः निवडतो. अंडी घालणाऱ्या माद्यांनाही हाच डबा चालतो. अंडी उचलताना मात्र फिरवू नयेत. आतला गर्भ वरच्या बाजूला चिकटलेला असतो आणि अंडे उलटले तर तो मरू शकतो.

पर्जन्यवनातले बेडूक, सॅलमँडर आणि दमट हवेतल्या पाली यांच्या टेरॅरियममध्ये (काचेच्या पेटीत) मॉस जमिनीच्या वरच्या थरात घालतात, कधी जिवंतही ठेवतात. तिथे स्प्रिंगटेल आणि इतर बारीक किडे सोडले तर विष्ठा आणि बुरशी यांची विल्हेवाट लागत राहते.

ओलीचे प्रमाण इथेही पिळूनच ठरवावे : मुठीत दाबल्यावर थेंब टपकता कामा नये. पायाशी पाणी साठलेल्या पेटीत पोटाकडच्या खवल्यांखाली संसर्ग होतो आणि थंड, ओल्या हवेत श्वसनाचे आजार बळावतात. वाळवंटी जातींच्या पेटीचा सगळा तळ मॉसने झाकणे म्हणजे त्यांना आजारी पाडणे. दुसरा धोका गिळण्याचा. झडप घालून खाणाऱ्या प्राण्याच्या तोंडात भक्ष्याबरोबर लांब धागे जातात आणि आतड्यात अडकू शकतात, म्हणून अशा प्राण्यांना वेगळ्या, मोकळ्या जागी खायला द्यावे. डब्यातले मॉस मळले, वास येऊ लागला की टाकून द्यावे. धुऊन पुन्हा वापरण्याची काटकसर इथे नको.

हाताळणी आणि उगम

स्पोरोथ्रिक्स ही बुरशी मॉसवर आढळते. काट्याच्या ओरखड्यातून किंवा जखमेतून ती त्वचेत शिरली तर हातावर गाठी येतात आणि त्या वर सरकत जातात. अमेरिकेत १९८८ साली अशा मॉसमध्ये बांधलेली पाइनची रोपे हाताळणाऱ्या ८४ जणांना हा आजार झाला होता. उपचार होतो, पण तो लांबतो. हातमोजे घालावेत आणि कोरडे मॉस झटकण्याऐवजी आधी भिजवावे, म्हणजे धूळ नाकात जात नाही.

बाजारातले बरेचसे लांब धाग्यांचे मॉस न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून आणि दक्षिण चिलीतून येते. चिलीत त्याला 'पोम्पॉन' म्हणतात. वरचा थर काढून तुकडे मागे ठेवले तर ते पुन्हा वाढते, पण त्याला वर्षे लागतात. पीटचा थर तर वर्षाला साधारण १ मिलिमीटरने वाढतो. पीटभूमी पृथ्वीच्या जमिनीचा जेमतेम ३ टक्के भाग व्यापते, पण मातीतल्या एकूण कार्बनचा सुमारे तिसरा हिस्सा तिथे साठलेला आहे. दक्षिण चिलीतल्या चिलोए बेटावर नद्यांना हिमशिखरांचा आधार नसल्याने पावसाचे पाणी धरून ठेवणाऱ्या या दलदलींवरच उन्हाळ्यातले पाणी अवलंबून असते, आणि म्हणून तिथे अतिउपशाचा प्रश्न केवळ बागकामाचा राहत नाही. नुसता तळ भरायचा असेल तर नारळाच्या काथ्याचा भुसा पुरतो. मॉस गुटी, ऑर्किडची मुळे आणि दमट डबा यांसाठी राखून ठेवावे. ज्यांच्याकडे जिवंत मॉस आहे त्यांनी शेंड्यांचे तुकडे पावसाच्या पाण्याच्या उथळ ताटात, भरपूर पण थेट नसलेल्या उजेडात पसरावेत. काही महिन्यांत नवे शेंडे धरतात.