व्हेग्रंट आणि अ‍ॅन्सिबल

व्हेग्रंट हे डेव्हलपरच्या संगणकावर व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) उभे करणारे, तर अ‍ॅन्सिबल हे चालू सर्व्हरवर हवी ती मांडणी करून देणारे साधन. दोघांची तुलना वारंवार होते. पण ‘यांतले कोणते घ्यावे’ हा प्रश्नच फसवा आहे, कारण एकाचे काम जिथे संपते तिथे दुसऱ्याचे सुरू होते.

मिचेल हाशिमोतो यांनी रुबी भाषेत लिहिलेले व्हेग्रंट २०१० मध्ये आले. कोणता बॉक्स (मशीनचा तयार साचा), किती मेमरी, कोणते पोर्ट हे सारे ‘व्हेग्रंटफाइल’मध्ये लिहायचे. ‘व्हेग्रंट अप’ म्हटले की सहसा व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मशीन तयार होते, ‘व्हेग्रंट डिस्ट्रॉय’ने पुसले जाते. टीममध्ये सगळ्यांकडे सारखीच मशीन आल्याने ‘माझ्याकडे तर चालतंय’ ही सबब बरीचशी निकालात निघाली.

मायकेल डीहान यांचे पायथनमधील अ‍ॅन्सिबल २०१२ चे. पपेट (२००५) आणि शेफ (२००९) या त्याच कामाच्या आधीच्या साधनांत सहसा प्रत्येक सर्व्हरवर एजंट, म्हणजे त्या साधनाचा मदतनीस प्रोग्रॅम, बसवावा लागे. अ‍ॅन्सिबलला बहुतेक ठिकाणी एसएसएच (दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणी) आणि पायथन पुरते. त्याच्या प्लेबुकात, म्हणजे यॅमल या साध्या मजकुरी स्वरूपातल्या फाइलीत, कृती नव्हे, अपेक्षित स्थिती लिहितात: एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवलेला असावा, सेवा चालू असावी. पहिल्या वेळी ‘चेंज्ड’ दिसते, तेच प्लेबुक पुन्हा चालवले की स्थिती आधीच हवी तशी असल्याने नुसते ‘ओके’. नवशिके मात्र सगळे काही थेट कमांड चालवणाऱ्या ‘शेल’ मॉड्यूलमध्ये कोंबतात. त्या कमांड वेगळी अट घातल्याशिवाय दर वेळी चालतात, आणि अ‍ॅन्सिबलची निम्मी किंमत तिथेच वाया जाते.

व्हेग्रंटफाइलमध्ये प्रोव्हिजनर (नव्या मशीनची मांडणी करणारे साधन) म्हणून अ‍ॅन्सिबल नेमता येते. मग लॅपटॉपवर तपासलेले प्लेबुक, इन्व्हेंटरी (सर्व्हरांची यादी) बदलून, खऱ्या सर्व्हरवर लावता येते. अ‍ॅन्सिबल थेट विंडोजवरून चालत नाही. अशा वेळी ‘अ‍ॅन्सिबल लोकल’ वापरून ते पाहुण्या, म्हणजे व्हेग्रंटने उभ्या केलेल्या, मशीनच्या आतच चालवतात.

अ‍ॅन्सिबल २०१५ मध्ये रेड हॅटने घेतले, रेड हॅट २०१९ मध्ये आयबीएमने. व्हेग्रंटची कंपनी हाशीकॉर्पही २०२५ मध्ये आयबीएमकडेच गेली. त्याआधी २०२३ मध्ये तिने व्हेग्रंटचा मुक्त परवाना बदलला होता.

प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणारे डॉकर (२०१३) आल्यावर व्हेग्रंटचा वापर पुष्कळ घटला. कंटेनर यजमान संगणकाचाच कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) वापरतो, म्हणून हलका. पण कर्नलचे मॉड्यूल किंवा संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिमचे बूट तपासायचे असेल, तर आजही व्हर्च्युअल मशीनच लागते.