नाव लिहिलेलं कॉमिक आणि पेडिग्रीची भानगड

माझा मामा भुसावळला रेल्वेत होता, क्वार्टरमध्ये राहायचा, आणि त्याच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत इंद्रजाल कॉमिक्स होते, मराठीतले, वेताळवाले, म्हणजे फँटमचे. प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर उजव्या कोपऱ्यात निळ्या शाईने त्याचं नाव, खाली भुसावळ, खाली तारीख. मागच्या वर्षी ती पेटी माझ्याकडे आली तेव्हा जुनी पुस्तकं विकणाऱ्या एका ओळखीच्या भाऊला दाखवली, त्याने दोन-चार अंक चाळले आणि म्हणाला, नाव लिहून ठेवलंय राव, किंमत निम्मी झाली. मला वाईट वाटलं खरं, पण मग मी या विषयात जरा शिरलो तर कळलं की अमेरिकेत जुन्या कॉमिक्सच्या बाजारात अशी काही नावं आहेत की ती कव्हरवर पेन्सिलने लिहिलेली असली तर किंमत निम्मी नाही, वाढते. हे कसं काय झालं त्याचीच ही पार्श्वभूमी.

आधी हे समजून घ्या की तिकडचे जुने कॉमिक्स शिल्लकच फार कमी आहेत. जून १९३८ च्या तारखेचा अ‍ॅक्शन कॉमिक्सचा पहिला अंक, ज्यात सुपरमॅन पहिल्यांदा आला, तो दहा सेंटला मिळायचा आणि वाचून झाला की संपला, जपून ठेवायची वस्तूच नव्हती ती. मग महायुद्धात कागद गोळा करायच्या मोहिमा निघाल्या, पोरांनी स्वतःच ढीगच्या ढीग नेऊन दिले. युद्धानंतर कॉमिक्समुळे पोरं बिघडतात अशी ओरड सुरू झाली, काही गावांत होळ्यासुद्धा झाल्या, १९५४ मध्ये सिनेटसमोर सुनावणी झाली. आणि त्यातूनही जे उरलं ते आयांनी साफसफाईत काढलं, ही आई-रद्दीवाल्याची जोडी जगात सगळीकडे सारखीच आहे, आमची अमळनेरची आजी पण मामाच्या पेटीकडे बघून 'हाई काय शे' म्हणायचीच. वर कागद न्यूजप्रिंटचा, लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं लिग्निन उजेड-हवा-उष्णता लागली की पिवळं पडतं, आम्ल तयार होतं, पान कडकडीत होऊन कोपरे पापडासारखे तुटतात. भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेल्यावर पत्र्याच्या पेटीत काय होत असेल विचार करा.

तर १९६० च्या दशकात तिथे कॉमिक्स गोळा करणाऱ्यांची मंडळी तयार झाली, १९७० मध्ये बॉब ओव्हरस्ट्रीट नावाच्या संग्राहकाची भावपुस्तिका आली, आणि मग प्रत्येक अंकाला एक छापील भाव मिळाला. पण भाव अंकाचा होता, प्रतीचा नाही. म्हणजे चांगली, बरी, खराब असे ढोबळ दर्जे, आणि चांगली म्हणजे किती चांगली हे विकणारा ठरवणार. प्रत कुठून आली हे कोणी विचारतच नव्हतं.

विचारायला लागले ते काही घबाडं सापडल्यावर. १९७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या भागात एक संग्रह बाहेर आला, टॉम रायली नावाच्या पोराचा. पोरगा नौदलात गेला आणि युद्धात मेला, आई-वडिलांनी त्याची कॉमिक्स तशीच ठेवली, असं सांगतात. तीस वर्षं कोणाचा हात न लागलेल्या प्रती. ज्यांनी त्या विकत घेतल्या त्यांना पहिल्यांदा कळलं की १९४० चं कॉमिक नवीन असताना कसं दिसायचं, कारण तोवर सगळ्यांनी पिवळीच पानं बघितली होती.

पण खरा धमाका १९७७ चा. कोलोरॅडोतलं डेन्व्हर, समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल उंच, म्हणून त्याला माइल हाय सिटी म्हणतात. तिथे एडगर चर्च नावाचे एक कमर्शियल आर्टिस्ट, जाहिरातींची चित्रं काढणारे, जन्म १८८८ चा, म्हणजे सुपरमॅन आला तेव्हा हा माणूस पन्नाशीचा! पोरासोरांसारखं वाचून फेकायला नाही तर चित्रांचा संदर्भ म्हणून ते कॉमिक्स घ्यायचे, जवळपास सगळेच, आणि घरात एकावर एक घट्ट रचून ठेवायचे. चर्च आजारी पडले, घरच्यांनी पसारा काढायला घेतला, मासिकं वगैरे काही फेकली पण गेली होती, तेवढ्यात चक रोझान्स्की नावाच्या तरुण दुकानदाराला बोलावणं गेलं. तो गेला आणि बघतच राहिला. आकडा सोळा हजारापासून बावीस हजारापर्यंत वेगवेगळा सांगतात. कोरडी हवा, अंधार, आणि रचून ठेवल्यामुळे पानापानात हवा शिरायला जागाच नाही, त्यामुळे चाळीस वर्षांनी पण पानं पांढरी आणि कव्हरची शाई चमकत होती.

रोझान्स्कीने मग काय केलं, तर भावपुस्तिकेच्या वर, पटीत भाव लावले. लोक चिडले, छापील भावाच्या वर मागतोच कसा म्हणून. पण ज्याने एक प्रत हातात घेतली तो परत आला. आणि इथेच ही गोष्ट बदलली, कारण आता लोक फक्त अमुक अंक आहे का असं विचारत नव्हते, तो चर्चचा आहे का असं विचारायला लागले. त्यांना 'माइल हाय' प्रती म्हणायला लागले. अशा नावाने ओळखल्या जाणाऱ्या मूळ संग्रहालाच पेडिग्री म्हणतात, घोड्या-कुत्र्यांचा असतो तसा वंश, आणि हा शब्द कुठल्या संस्थेने काढला नाही, बाजारानेच काढला.

आपल्याला हे फार परकं वाटायला नको. धुळ्याला राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे, वि. का. राजवाडे आयुष्यभर दप्तरं शोधत फिरले आणि १९२६ मध्ये धुळ्यातच गेले. जुना मोडी कागद हातात आला की अभ्यासक पहिला प्रश्न विचारतात तो हाच, की कोणाच्या दप्तरातला, कोणत्या वाड्यातला? ते माहीत नसेल तर कागद खरा असला तरी त्याचं वजन कमी. नानासाहेब देवांनी धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी बाडं जमवली, तिथेही बाड कोणत्या मठातून आलं हे महत्त्वाचंच. दहा सेंटच्या सुपरमॅनला हाच नियम लावायची वेळ आली एवढाच फरक.

आता नावाचं. नेब्रास्कात वौसा नावाचं छोटं गाव आहे, तिथे लमाँट लार्सन नावाचा पोरगा १९३६ च्या आसपासपासून कॉमिक्स घ्यायचा. गावातल्या औषधाच्या दुकानात अंक यायचे आणि याचा अंक दुसऱ्याने नेऊ नये म्हणून दुकानात कव्हरवरच पेन्सिलने 'लमाँट' किंवा 'लार्सन' लिहून बाजूला ठेवायचे. आपल्याकडे पेपरवाला पहिल्या पानावर फ्लॅट नंबर टाकतो ना, अगदी तसंच. पुढे हा संग्रह बाजारात पांगला, लोकांकडे एक-एक प्रत गेली, आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की हे पेन्सिलचं नाव असलेल्या प्रती जरा जास्तच चांगल्या असतात. हा लार्सन कोण हे बरीच वर्षं कोणालाच माहीत नव्हतं, एका संग्राहकाने मागे लागून त्याला शोधून काढलं. एरवी कव्हरवरचं लिखाण म्हणजे दोष, इथे तोच दोष दाखला झाला. मला तरी या सगळ्या विषयातली ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते. असाच एक ओकाजिमा संग्रह आहे. युद्धात जपानी वंशाच्या एक लाखाच्या वर लोकांना अमेरिकेने छावण्यांमध्ये ठेवलं होतं, त्यातल्या एका मुलीची ती कॉमिक्स, कव्हरवर पेन्सिलने आडनाव. छावणीत बसून ते आडनाव कशासाठी लिहिलं असेल हे सांगायला नको.

बाकी भराभर सांगतो. ईसी कॉमिक्सचे मालक विल्यम गेन्स प्रत्येक अंकाच्या साधारण डझनभर प्रती स्वतःच गुंडाळून ठेवायचे, त्या पुढे रस कॉक्रनने सर्टिफिकेटसह विकल्या. २०११ मध्ये व्हर्जिनियात बिली राइट नावाच्या वारलेल्या माणसाच्या घरातल्या कपाटात त्याच्या नातेवाइकाला ३४५ कॉमिक्स सापडले, पुढच्या वर्षी लिलावात त्यांचे साधारण ३५ लाख डॉलर आले.

मधल्या काळात गोंधळ मात्र भरपूर झाला. कागदपत्र नसताना कोणीही उठून म्हणायचं, माझी प्रत चर्चची आहे. मग जाणकार लोक पानांचा पांढरेपणा बघायचे, कव्हरवरच्या पेन्सिलच्या खुणा बघायचे, वास सुद्धा घ्यायचे, हसू नका, जुना कागद कुठे राहिलाय हे वासावरून खरंच कळतं, दमट घरातला आणि कोरड्या घरातला वेगळा येतो.

२००० मध्ये सीजीसी नावाची कॉमिक्सना ग्रेड देणारी कंपनी सुरू झाली, नाण्यांना ग्रेड देणाऱ्या कंपनीच्या घरातलीच. कॉमिक पाठवायचं, ते तपासून ०.५ ते १० मध्ये ग्रेड देतात, प्लॅस्टिकच्या कडक डबीत सीलबंद करतात, त्याला स्लॅब म्हणतात. वरच्या लेबलवर ग्रेड, पानांचा रंग, आणि पेडिग्री असेल तर तिचं नाव. आता पेडिग्री कशाला म्हणायचं याचे नियम पण ठरले. संग्रह मूळ मालकाचा पाहिजे, म्हणजे अंक निघाले तेव्हा त्यानेच स्टॉलवरून घेतलेले, नंतर दुकानातून जमवलेले नाही. जुना पाहिजे, मोठा किंवा महत्त्वाचा पाहिजे, आणि प्रतींचा दर्जा सरासरीने वरचा पाहिजे. म्हणून निकोलस केजसारख्या नटाचा संग्रह २००२ मध्ये लिलावात गेला तरी ती पेडिग्री नाही, कारण त्याने विकत जमवलेलं. त्याला फार तर प्रोव्हेनन्स म्हणता येईल, कोणाकोणाच्या हातून आलं त्याचा प्रवास. हे दोन शब्द लोक सारखेच वापरतात पण वेगळे आहेत. प्रोव्हेनन्सचं झकास उदाहरण म्हणजे मार्व्हल कॉमिक्सच्या पहिल्या अंकाची १९३९ ची 'पे कॉपी', ज्यात अंकातला मजकूर-चित्रं तयार करून देणाऱ्या कंपनीच्या लॉइड जॅकेटने कोणत्या चित्रकाराला किती पैसे द्यायचे ते हाताने लिहिलंय. ती २०२२ मध्ये २४ लाख डॉलरच्या वर गेली. परत तेच, अंकावर लिहिलेलं! आणि पेडिग्रीचं म्हणाल तर अ‍ॅक्शन कॉमिक्स पहिल्या अंकाची 'कॅन्सस सिटी' प्रत, ग्रेड ८.५, एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली.

स्लॅबबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. वास, पान, आतली शाई, ज्याच्यावरून चर्चची प्रत ओळखली जायची ते सगळं आता डबीत बंद, आणि बाहेर फक्त लेबल. लेबल नसतं तर फसवाफसवी वाढली असती हे मान्य, पण वाचायची वस्तू परत कोणी उघडणारच नाही हे जरा विचित्र वाटतं.

आपल्या इंद्रजालला हे नियम लावले तर बहुतेक संग्रह पहिल्याच पायरीवर बाद होतात. मार्च १९६४ पासून १९९० पर्यंत ८०० च्या वर अंक निघाले, पण आपल्याकडे पद्धत काय, तर पाच-सहा अंक बाइंडरकडे द्यायचे, तो कडा सरळ कापून, शिवून, वर पुठ्ठा चढवून देणार. कडा कापली की ग्रेड संपली. नाहीतर भाड्याने देणाऱ्या लायब्ररीचा गोल शिक्का, तोही नेमका वेताळाच्या तोंडावर. मामाचे पण निम्मे अंक बांधलेले आहेत, कापलेल्या कडेत काही तारखा अर्ध्या गेल्यात, 'भुसावळ' मधला 'भु' शिल्लक आणि 'सावळ' गायब.

दिवाळीत मामाला पेटी उघडून दाखवली आणि विचारलं नाव का लिहायचास. म्हणाला, शेजारच्या क्वार्टरमधली पोरं ढापायची म्हणून. मग चष्मा लावून एक-एक अंक बघत बसला, हा स्टेशनवरच्या स्टॉलचा, हा मनमाडला गाडी थांबली तेव्हा घेतला, मी एका वहीत लिहून घेत होतो. तीन अंक त्याने बाजूला काढले. मी म्हटलं यांच्यावर पण तुझंच नाव आहे की. तर म्हणाला, नाव माझं आहे, अक्षर माझं नाही, मी 'भ' असा काढत नाही.