राष्ट्रीय विधी विद्यापीठाची पदवी नसेल तर उच्च न्यायालयात वकिली करता येत नाही?

बारावीचे निकाल लागले की हा संदेश नाशिकच्या पालकांच्या गटांत फिरू लागतो: ‘राष्ट्रीय विधी विद्यापीठात शिकाल तरच उच्च न्यायालय, स्थानिक कॉलेजची पदवी जिल्हा कोर्टापुरतीच.’ फी प्रचंड असल्याने धास्ती वाटणारच. पण कायदा तसं सांगत नाही.

वकील अधिनियम, 1961 चं कलम 24 वाचा. सनदेसाठी, म्हणजे वकिलीच्या परवान्यासाठी, कायद्याची मान्यताप्राप्त पदवी लागते. त्यात कॉलेजांची उतरंड नाही. नंतर अखिल भारतीय बार परीक्षा, तीही सर्वांना एकच. कलम 30 नुसार नोंदणी झालेल्या वकिलाला देशभरातल्या न्यायालयांत वकिलीचा हक्क आहे. हे कलम 2011 मध्ये लागू झालं.

खात्री करायची तर नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात कुणा वकिलाचं वकीलपत्र पाहा. त्यावर सनद क्रमांक असतो: राज्याची खूण, अनुक्रमांक, वर्ष. कॉलेजचं नाव नसतं.

मग फरक कशात? मोठ्या लॉ फर्म थेट कॅम्पसवर कुठे येतात, अभिरूप न्यायालयाचा (मूट कोर्ट) सराव किती होतो, सोबत कोण शिकतं, यात. कॉर्पोरेट क्षेत्रात जायचं असेल तर हा फरक खरोखर मोठा आहे, आणि राज्यातल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांपैकी मुंबई, नागपूर की छत्रपती संभाजीनगर हेही त्याच निकषांवर तोलावं. नाशिकमध्येच दिवाणी दावे चालवायचे असतील, तर चांगल्या ज्येष्ठ वकिलाकडची उमेदवारी मला जास्त मोलाची वाटते.

प्रवेशाआधी एक मात्र नक्की तपासा: कॉलेजची मान्यता त्या वर्षासाठी चालू आहे का. लेखी पत्र मागा.