मुलीच्या बीजकोषात गाठ निघाली? ऑपरेशनच्या आधी रक्त तपासून घ्या
(आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘ओव्हरीत गाठ’ असं वाचलं की आई-वडिलांचं धाबं दणाणतं. म्हणून आधी धीराची गोष्ट. तरुण मुलींच्या बीजकोषातल्या बहुतेक गाठी साध्या असतात. पाण्याची गाठ पुष्कळदा एक-दोन पाळ्यांत आपोआप विरते. पण गाठ भरीव असेल, भराभर वाढत असेल, पोट फुगत आणि दुखत असेल, तर जर्म सेल ट्यूमर नावाच्या दुर्मीळ कॅन्सरची शंका वेळेत फेडून घ्यायलाच हवी. ज्या मूळ पेशींपासून स्त्रीबीजं बनतात, त्यांच्यातून तो उद्भवतो. बीजकोषाच्या शंभर कॅन्सरमध्ये असे पाचसुद्धा नसतात, पण तो प्रामुख्याने 10 ते 30 या वयात होतो. आणि तो बरा होतो. लवकर सापडला तर दहांपैकी नऊहून अधिक मुली बऱ्या होतात, पसरलेला असला तरी बऱ्या होणाऱ्याच जास्त.

आमच्याकडे येणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अनेकदा फक्त सीए-125 ही रक्ततपासणी लिहिलेली असते. ती तपासणी मुख्यतः मोठ्या वयात होणाऱ्या, वेगळ्या प्रकारच्या कॅन्सरसाठी कामाची. मुलीची गाठ भरीव असेल तर एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या रक्तातल्या द्रव्यांच्या तपासण्या हव्यात का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. जर्म सेल ट्यूमरच्या प्रकारांपैकी योक सॅक ट्यूमरमध्ये एएफपी वाढतं, डिसजर्मिनोमात बहुधा एलडीएच, कोरिओकार्सिनोमात एचसीजी. तिन्ही नॉर्मल आल्या म्हणजे गाठ साधीच, असं मात्र नाही. इमॅच्युअर टेराटोमा या प्रकारात त्या नॉर्मल राहू शकतात. गाठ काढल्यावर आकडे उतरू लागतात, म्हणून नमुना ऑपरेशनच्या आधीच द्यावा. सोळा वर्षं उलटूनही पाळी आलेलीच नसेल तर गुणसूत्रांची तपासणीही लागू शकते.

बीटा एचसीजीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. गरोदरपणाच्या कार्डवर दोन रेघा उमटतात त्या याच द्रव्यामुळे, आणि काही गाठी ते स्वतः तयार करतात. त्यामुळे अविवाहित मुलीची टेस्ट पॉझिटिव्ह आली की घरात आरडाओरडा सुरू होतो, कधी हातही उगारला जातो. कृपा करून असं करू नका. त्या मुलीला उपचारांची गरज असू शकते. सोनोग्राफी करून डॉक्टरांना निष्कर्ष काढू द्या. हा रिपोर्ट आम्ही काउंटरवर सर्वांसमोर वाचून दाखवत नाही, आतल्या खोलीत बसून समजावतो.

नमुना देताना उपाशीपोटी येण्याची गरज नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. काही यंत्रांवर त्यांच्यामुळे आकडे खोटे कमी दिसतात. एलडीएचची अडचण वेगळी. लाल पेशींत ते भरपूर असतं, त्यामुळे नळीत पेशी फुटल्या तर आकडा उगाच चढतो. सीरम (गोठलेल्या रक्तावरचं पाणी) पिवळसर न दिसता लालसर दिसलं तर आम्ही तो रिपोर्ट देत नाही, पुन्हा बोलावतो. त्याचे जादा पैसे घेत नाही.

ऑपरेशनच्या आधी सुई घालून गाठीचा तुकडा काढणं शक्यतो टाळतात, कारण गाठ फुटली तर पेशी पोटात पसरतात. बहुतेक मुलींमध्ये गाठ असलेला बीजकोष आणि त्या बाजूची नलिका काढून दुसरा बीजकोष आणि गर्भाशय राखता येतात. पुढे पाळी येते, मूलही होऊ शकतं. ‘सगळंच काढून टाका, जोखीम नको’ असं घाबरून म्हणू नका. ऑपरेशननंतर काढलेल्या गाठीच्या नमुन्यांचे मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मागून घ्या आणि जपून ठेवा. हा आजार क्वचितच दिसतो, म्हणून परळच्या टाटा मेमोरियलसारख्या कॅन्सर रुग्णालयात त्या पुन्हा तपासून घेणं फार मोलाचं आहे. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा.

अगदी सुरुवातीच्या काही गाठींना ऑपरेशननंतर नुसती देखरेख पुरते. इतरांना सहसा ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन या औषधांची केमोथेरपी दिली जाते, दर 21 दिवसांनी, तीन किंवा चार वेळा. सिस्प्लॅटिन मूत्रपिंड आणि कानांना, ब्लिओमायसिन फुप्फुसांना त्रास देऊ शकतं. कोरडा खोकला किंवा धाप लागली तर लगेच डॉक्टरांना सांगा. पुढे कधीही कसलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ब्लिओमायसिन घेतल्याचं आवर्जून सांगायचं.

उपचारांनंतर रक्तातला आकडा हळूहळू उतरतो, म्हणून धीर सोडू नका. एएफपी निम्मं व्हायला साधारण पाच ते सात दिवस लागतात. 10,000 असेल तर 10 च्या खाली यायला दहा आठवडेही लागू शकतात. एचसीजी दीड दिवसात निम्मं होतं. उतरता आकडा मध्येच थांबला किंवा उलटा चढला, तर रिपोर्ट त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आजार उलटला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, त्यामुळे मुलगी ठणठणीत दिसत असली तरी त्या काळातल्या तपासण्या चुकवू नका, आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. वेगवेगळ्या यंत्रांचे आकडे थेट जुळत नाहीत. दिवस राहिले तरी एएफपी आणि एचसीजी वाढतात, म्हणून लग्न झालेल्यांनी मूल होऊ द्यायची वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवावी. दर खेपेला जुने रिपोर्ट सोबत आणा. हरवले असतील तर नाव आणि तारीख सांगा, आम्ही पुन्हा छापून देऊ.